तंगाचं तिसरं भोक

३ मे
आजपासून रोजनिशी. पोरगी घोड्याच्या स्पर्धेत उतरली की बापाजवळ लेखी पुरावा हवा. चाळीस वर्षं या खेड्यात टपाल वाटलं, लिफाफा बघून आतला माणूस ओळखतो मी.
१८ जुलैला ड्रमशीलच्या मैदानावर निवड फेरी. सात अडथळे, एकही दांडी न पाडता पार केले तर सोर्खा ऑगस्टच्या अंतिम सामन्यात. आमचा पोनी बिशप करडा, आखूड पायांचा. सोर्खा अकराची, पण अशी भराभर वाढतेय की पुढच्या वर्षी त्याच्यावर बसली तर पाय जमिनीला लागतील. म्हणजे दोघांची ही शेवटचीच संधी.
दोन निश्चय केले. मैदानाच्या कडेला ओरडायचं नाही. कारण नसताना कुणावर संशय घ्यायचा नाही.

४ मे
कारण मिळालं. शेजारच्या मिसेस टूही. त्यांची लेक फिडेल्माही त्याच फेरीत आहे. आमच्या कुरणाच्या भिंतीवरून वाकून बिशपची मान थोपटली आणि म्हणाल्या, "छान भरलाय हो!" भरलाय म्हणजे? वर मला, "नातीचं फार कौतुक दिसतं तुम्हाला." मी बाप आहे हे त्यांना अकरा वर्षं ठाऊक आहे.

११ मे, सकाळी साडेसहा
कुरणावर गेलो. शाळेत गिलहूली मास्तरांनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेली स्वाराची कविता मोठ्याने म्हटली. सात कडवी, नदी ओलांडून दौडत जाणारा एकटा स्वार. नवव्या वर्षी म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो. दुसऱ्या ओळीला बिशप कुरणाच्या पार टोकाकडून धावत आला. माझ्या घरात या कवितेसाठी अजून कुणी खुर्चीतून उठलेलं नाही. जनावराला काव्याचा कान आहे.
नंतर सोडा ब्रेडचे दोन काप. हे चारणं नव्हे, हा रसिकाचा मान.

१९ मे
नोरीन म्हणते, ब्रेड जातो कुठे? घरात उंदीर झालेत. मी सापळा आणला. बायकोच्या शंकेकडे दुर्लक्ष करणाऱ्यांतला मी नाही.

२४ मे
गंभीर. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आजवर तिसऱ्या भोकात बसायचा. आज ओढून ओढून दुसऱ्यात. सोर्खा म्हणाली, "डॅडी, हा फुगलाय." मी तंग टेपने मोजला. कुणीतरी आखूड केलाय. आधीचं माप कुठेच लिहिलेलं नाही, हेही संशयास्पदच.

९ जून
आता पहिल्या भोकात. जनावरांचे डॉक्टर काइन आले. त्यांनी बिशपच्या पोटाभोवती फीत गुंडाळली, खूर हाताने चाचपले आणि म्हणाले, "याला कुणीतरी चोरून चारतंय. अति खाण्याने पोनीचे खूर सुजतात. असंच चाललं तर खूर जातील. मग उडीबिडी विसरा."
अखेर जाणत्या माणसाने माझं म्हणणं मान्य केलं!
सोर्खा खोगिरांच्या खोलीत दार लावून रडली. मी बाहेरून म्हणालो, "बाळा, डॅडी चोर शोधून काढेल." आतून उत्तर, "खरंच?" शपथ घेतली.
बिशपला आता मोजका चारा. तोंड इतकंसं झालं बिचाऱ्याचं. धीर म्हणून ॲपल-पायचा तुकडा दिला. औषधच ते.

२२ जून
सलग चार दिवस सकाळी सहा ते आठ कुंपणामागे पाळत. कुरणावर माझ्याशिवाय कुणीही फिरकलं नाही. चोराला माझं वेळापत्रक पाठ आहे.

४ जुलै
आठवडाभर सर्दीने अंथरुणात. सोर्खा पोहण्याचा क्लास सोडून रोज संध्याकाळी बिशपला टेकडी चढवते. तंग परत दुसऱ्या भोकात! म्हणजे मी घरात, तर चोरही थंड. निष्कर्ष एकच: त्याला वैर बिशपशी नाही, माझ्याशी आहे.
उद्यापासून पुन्हा कुरणावर. रसिक वाट बघत असेल.

१७ जुलै
क्लबच्या सेक्रेटरींना पत्र नेऊन दिलं. 'आमच्या पोनीला चारणारी व्यक्ती उद्या मैदानावर हजर असेल. कृपया लक्ष ठेवावे.' त्यांनी फोन केला, "मिस्टर लॅली, कोण ते सांगा तरी." मी म्हणालो, "उद्या सगळ्यांना दिसेल."
नोरीन म्हणाली, "फिंटन, उद्या तू घरीच थांब ना." हिलाही फितवलं की काय?

१८ जुलै
भुरभूर पाऊस. रेनकोट घातला. तंग कसाबसा दुसऱ्या भोकात.
सोर्खाने पहिले चार अडथळे असे पार केले की मिसेस टूहीसुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. (कावा.) पाचवा माझ्या समोरच. मी ओरडलो नाही. निश्चय पाळला, हे इथे नोंदवतो. फक्त कविता, तीही ओठांतल्या ओठांत.
बिशपचा एक कान वळला. मग मान. मग अख्खा बिशप. पाचवा अडथळा सोडून दुडक्या चालीने थेट कठड्याशी आला आणि माझ्या रेनकोटच्या डाव्या खिशात नाक खुपसून त्याने सोडा ब्रेड काढला, कागदासकट. संपेपर्यंत जागचा हलला नाही. सोर्खा लगाम ओढत होती, टाचा मारत होती.
घंटा वाजली. बाद.
एवढ्या माणसांत फक्त चावण्याचा आवाज. मग मिसेस टूही म्हणाल्या, "अगंबाई, सापडला की चोर!" सेक्रेटरींनी खिशातून माझं पत्र काढलं, बघितलं, पुन्हा घडी घातली.
खोगिरावर बसलेली सोर्खा माझ्याहून उंच दिसत होती. म्हणाली, "डॅडी, रोज?"
मी म्हणालो, "फक्त सकाळी."

२० जुलै
कुरणाच्या फाटकाला कुलूप. किल्ली मिसेस टूहींकडे. सोर्खानेच दिली. जेवताना माझ्याशी बोलली: "मीठ." सुधारणा आहे.

२१ जुलै, सकाळी साडेसहा
भिंतीशी गेलो. खिसे रिकामे, मुद्दामच. पोटासाठी येणारा आणि काव्यासाठी येणारा यातला फरक टूही मंडळींना एकदा दाखवायचा होता.
दुसऱ्या ओळीला बिशप धावत आला. डावा खिसा हुंगला. उजवा हुंगला. तिसऱ्या ओळीला निघून गेला.
मी सगळी कविता म्हटली. पाचवं कडवं आठवलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.