एक्केचाळीस नंबरचा वाफा

९ फेब्रुवारी

चि. खड्यास,

तोंडभरून आशीर्वाद. वि. वि. तुझ्या प्रयोगशाळेची माणसं काल मिठागरावर येऊन गेली. आमच्याकडे तेव्हापासून दुसरा विषय नाही. तू, माझा मिठाचा खडा, आली नाहीस याचा राग होता. मग त्या उंच डॉक्टरीणबाईंनी समजावलं, नात्यातल्यांचं रक्त तपासायचं असेल तर आपण तिथे उभंही राहायचं नसतं म्हणे. बरं, माफ केलं.

आधी त्यांनी लाल झालेलं पाणी बाटल्यांत भरून घेतलं. मी म्हटलं, चाळीस वर्षं या पाण्यात पाय भिजवले, तेव्हा कुणी फुकट विचारलं नाही, आणि आता कसं डोळ्यांत तेल घालून भरतायत बघा! मग आम्हा जुन्या माणसांची रांग. तुलनेला धडधाकट माणसांचं रक्त हवंय म्हणे. धडधाकट म्हटल्यावर सगळे कसे ताठ झाले! पहिल्या टेबलावर नाव लिहून नंबरची चिठ्ठी द्यायचे, मग बाकावर बसायचं, मग दुसऱ्या टेबलावर सुई. माझ्या मागे वन्सं. या बाई गुडघाभर खारात उभ्या राहून दिवस काढायच्या, आणि सुई बघून माझा दंड इतका आवळला की अजून हिरवा आहे. नणंदेचं प्रेम, दुसरं काय.

आता खरी गंमत. माझा नंबर एक्केचाळीस! मिठागरात चाळीस वर्षं मी राबले त्या माझ्याच वाफ्याचा! कसा मिळाला ते विचारू नकोस, मिळाला खरा. म्हणून एक्केचाळीसची नळी हाती आली की जरा मायेने धर.

बाकी ठीक. वन्सं हल्ली अर्धं ताट टाकून उठतात. म्हणतात माझ्या हाताला चव राहिली नाही. मी ऐकून घेते. मोठ्या आहेत.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुला घाई असते, तेव्हा कागदावरच भेट.

तुझी आजी
(नंबर एक्केचाळीस)

२१ फेब्रुवारी

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग डोक्याला हात लावला. अगं, नंबर मला सांगायचाच नव्हता! कोणतं रक्त कुणाचं हे आम्हाला कळू नये म्हणून तर नंबर. नाव आणि नंबर जुळवणारी वही उंच बाईंच्या कपाटात, कुलपात असते. मी आमच्या मोठ्या बाईंना सरळ जाऊन सांगितलं की माझ्या आजीने घोळ केलाय. त्यांनी एक्केचाळीस माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिला. तेव्हा मायेने वगैरे कुणी धरणार नाही.

तू नेहमी विचारतेस मी नक्की करते काय. तुझ्या वाफ्यातला लाल रंग म्हणजे जंतू. इतक्या खारात दुसरं फारसं काही जगत नाही, हे मात्र सुखाने नांदतात. त्यांच्या पोटात हजारो बारीक कामकरी असतात. आम्ही एकेकाला सुटं न बघता, कोण कुणाला हाक मारतं, कुणी काम थांबवलं तर कोण कोण हात बांधून बसतं, याचा सगळा नकाशा काढतो. तो जमला, म्हणून तसाच माणसाच्या रक्ताचा काढायला घेतला. आतड्यात कर्करोग सुरू होत असेल तर दुखण्याआधी तो त्या नकाशात दिसेल का, हे शोधतेय. तीन वर्षं झाली. एकेक खूण धरते आणि ती फसवते. साध्या सर्दीनेसुद्धा वाढते मेली.

तुला एक विचारायचं होतं. वाफा मिठावर आलाय हे तुम्हाला कसं कळायचं?

आत्येआजींना नमस्कार, आणि जेवा म्हणावं.

तुझा खडा

५ मार्च

चि. खड्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मोठ्या बाई रागावल्या का गं? त्यांना सांग, म्हातारी दोन इयत्ता शिकलेली आहे, तिसरीत मास्तरच बदलून गेले.

वाफ्याचं विचारलंस, मला किती बरं वाटलं सांगू! या घरात ते कुणी विचारत नाही, तुझ्या बापाला तर मीठ पुडीत उगवतं असंच वाटतं. तर ऐक. रंग लाल होतो ही एक खूण. पण नुसत्या रंगावर जाशील तर फसशील. वरून गोडं पाणी शिरलं तर खाली तयार असूनही रंग मरतो. वास बदलतो, तो जरासा गोडसर येतो. पण वारा उलटा असला की वास कुठला? पाण्यावर पातळ साय धरते, दुधावर धरते तशी, पण ती थंडीतही खोटी धरते. आणि दंताळं ओढलं की तळाशी करकर आवाज येतो, तर कधी ती नुसती वाळू असते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, चारी जणी एकदम आल्या तरच दार उघडायचं, एकटीदुकटीला बसवून ठेवायचं. मी नवी होते तेव्हा नुसत्या रंगावर भुलून वाफा उपसला आणि सगळा चिखल निघाला. तो वन्संनी अजून विसरू दिलेला नाही.

तुझ्या खुणा मेल्या एकट्या एकट्या येतात का? मग बसव त्यांना.

माया आहेच. पत्र लांबलं तर ती आटत नाही, पण डोळे वाटेकडे लागतात.

तुझी आजी

१७ मे

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. वि. वि. दोन महिने पत्र नाही म्हणून तू रुसली असशील. कारण ऐकलंस की रुसवा जाईल. तुझं पत्र मी टेबलासमोर चिकटवलं आणि पुन्हा सगळे आकडे काढून बसले. एकटी खूण बघायचीच नाही असं ठरवलं. आजी, पाच जणी सापडल्या. एकेकटी अगदी बिनकामाची. पण आजारी माणसांच्या रक्तात पाचही जणी हात धरून वर चढतात, आणि धडधाकट माणसांत एकत्र कधीच नाही.

कधीच नाही असं लिहिलं, पण एका नळीत तसं दिसलंय. तुमच्या रांगेतल्या. तुझा नंबर नाही, एवढं सांगते, आणि तेवढंही सांगायला नको होतं. माणूस कोण ते मला ठाऊक नाही. उंच बाई वही उघडून त्यांना तपासणीला बोलावतील. चिठ्ठी घेताना सगळ्यांनी तशी संमती दिली होती.

मला विचित्र झालंय. खूण खरी ठरावी असं वाटतं, आणि मग त्या माणसाचं काय, म्हणून लाजही वाटते. तू असतीस तर मांडीवर डोकं ठेवलं असतं.

तुझा खडा

२ जून

चि. खड्यास,

आशीर्वाद. वि. वि. घाबरू नकोस, आधी शेवट सांगते: मी ठणठणीत आहे.

झालं असं की उंच बाईंनी मलाच बोलावलं! म्हणाल्या, रक्तात जरा शंका आहे, आतडं बघू. तुझ्या आईबापाला तोंड उघडू दिलं नाही, तुझा जीव टांगणीला कशाला? वन्सं सोबत आल्या. सोबत कसली, बाहेर बसून मला म्हणतात, काही झालं तर तुझी दुलई मला ठेव. मी म्हटलं, दुलई नाही, उशी घ्या. हसलो, पण दोघींचे हात गार होते.

दिव्याची नळी घालून सगळं बघितलं. काही म्हणजे काही नाही. उंच बाई म्हणाल्या, तुमच्या वयाला इतकं स्वच्छ आतडं क्वचित बघायला मिळतं. मी हे जाता येता सगळ्यांना सांगते आहे. वन्संनी कानांवर हात ठेवलेत. जेवत मात्र नाहीत अजून, दोन घास की पुरे.

तर तुझी शंका फिटली. आता खुशाल झोप.

तुझी स्वच्छ आजी

८ जून

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. तू बरी आहेस हे वाचून आधी रडले. मग पत्र पुन्हा वाचलं आणि तशीच मोठ्या बाईंकडे गेले.

आजी, शंका आली ती नळी चाळीस नंबरची होती. आता लपवण्यात अर्थ नाही, आणि मोठ्या बाईंना विचारूनच हे लिहितेय. चाळीससाठी तुला का बोलावलं? तू तर एक्केचाळीस होतीस. वहीत चाळीसपुढे तुझं नाव असेल, तर त्या दिवशी काहीतरी झालंय.

इथे सगळे म्हणतात, चाळीस नंबरचा माणूस धडधाकट निघाला, म्हणजे पाचही खुणा खोट्या. शुक्रवारच्या बैठकीत हे काम बंद होणार. कामाचं जाऊ दे. पण चाळीसच्या नळीत रक्त कुणाचं होतं? तुला नीट आठवून सांगायचंय. रागावणार नाही. शेजारच्या मुलीकडून फोन लावून घे, पण लगेच.

तुझा खडा

१३ जून

चि. खड्यास,

फोनवर तू ऐकलंसच, पण मी नुसती रडत होते, म्हणून नीट लिहिते. लिहून ठेवलं की पाप कबूल केल्यासारखं होतं.

मला चिठ्ठी चाळीसची आली होती. मागे वन्संना एक्केचाळीस. बाकावर बसल्यावर मी त्यांच्या मागे लागले, मला द्या, माझा वाफा आहे तो. त्या म्हणाल्या, घे बाई, सुई तरी चुकते का त्याने? आणि आम्ही चिठ्ठ्या बदलल्या. नाव एकीचं, रक्त दुसरीचं. मला वाटलं, चिठ्ठीच ती, लाडू थोडाच वाटतायत. एवढ्याशा हट्टापायी हे झालं.

तुझं पत्र वाचलं तेव्हा वन्सं समोर ताट सारून बसल्या होत्या. अर्धं ताट, सैल झालेल्या बांगड्या, उतरलेला चेहरा, दुपारी आडवं होणं, सगळं मला वेगवेगळं दिसत होतं गं इतके महिने. त्या क्षणी एकदम दिसलं. वाफ्याचं मी तुला शिकवायला निघाले होते!

त्यांना सांगितलं. मला वाटलं बोलतील, आणि त्यांना बोलताही येतं छान. त्या फक्त म्हणाल्या, चल मग, आणि चप्पल शोधायला लागल्या. उंच बाईंनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि आमच्या दोन्ही नावांपुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी नळी घातली. गाठ आहे. लहान आहे, आतल्या आत आहे, वेळेत आहे असं म्हणाल्या. मंगळवारी काढणार. हे सगळं तुला लिहायला वन्संनीच सांगितलं.

माझ्यामुळे पंधरा दिवस वाया गेले. ते कुणाकडे मागू?

आजी

४ जुलै

चि. खड्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं वन्संना मोठ्याने वाचून दाखवलं, जोडाक्षरांना अडले तिथे त्यांनी सुधारलं. आजारी माणसाला एवढी खुमखुमी!

चाळीस आणि एक्केचाळीस, दोन्ही नंबर तुम्ही यादीतून काढून टाकलेत, वन्संची गाठ तुझ्या निबंधात धरता येणार नाही, असं लिहिलंस. घोळ झालेलं रक्त मोजायचं नाही हे पटलं. चिखल मिसळलेलं मीठ आम्हीही वेगळंच टाकायचो, कितीही पांढरं दिसलं तरी. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही म्हणतेस, तेही खरं. पण काम बंद झालं नाही आणि आणखी तीनशे माणसांचं रक्त घ्यायचं ठरलंय, हे वाचून आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

या वेळी चिठ्ठी नको, नंबर मनगटालाच बांधा. हे माझ्या नावाने मोठ्या बाईंना सांग.

वन्सं घरी येऊन सहा दिवस झाले. गाठ पुरती निघाली, पुढे दर काही महिन्यांनी बघायचं आहे. मी रोज त्यांच्यासमोर ताट ठेवते आणि दुसरीकडे बघत बसते, म्हणजे टाकलं तरी त्यांना संकोच नको. काल ताट पुढे सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर ताट रिकामं. आणि मला म्हणतात काय, चाळीस वर्षं मीठ काढलंस आणि आमटीत घालायला विसरतेस होय गं?

मी उठले, मिठाचं भांडं आणून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि आत जाऊन थोडं रडून घेतलं. मग दुसऱ्यांदा वाढलं.

सवड काढून ये. मांडी तयार आहे.

तुझी आजी
(नंबर सांगायचा नसतो, आता कळलंय.)