तुसाच्या बॉयलरमध्ये पुन्हा कोळसा

अप्पा, तुमच्या बॉयलरमध्ये पुन्हा कोळसा पडायला लागला, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलंय.

अंबडच्या त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात कोळशाऐवजी भाताचं तूस जाळायचं खूळ तुमचंच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. इगतपुरीच्या भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग कुजत पडलेले असायचे, फुकट न्या म्हणायचे. पहिल्याच दिवशी वाफ कमी पडली, पुठ्ठा ओला निघाला आणि शेठ सगळ्यांदेखत तुम्हाला नाही नाही ते बोलले. मला अजून दिसतं, तुम्ही घरी येता, ओट्याजवळ बसून शर्ट झटकता. आई वैतागते, "चहात तूस पडलं ना. कारखाना घरी कशाला आणता?" तुम्ही शांतपणे म्हणता, "कोळशानं दोरीवरचे कपडे काळे व्हायचे ते बरं होतं का? लय धूर खाल्ला पोरांनी." पुढे वाफ जमली. त्या दसऱ्याला बॉयलरची पूजा शेठनी तुमच्या हातून करवली.

तुम्ही गेलात, मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात लागले. दोन हजारनंतर धुरालाही भाव आला, अप्पा. परदेशातले कारखाने स्वतःचा धूर आवरण्याऐवजी आपल्याकडे कमी झालेला धूर विकत घेऊ लागले, म्हणजे इथं जो धूर कमी करेल त्याला त्याचे पैसे देऊ लागले. शेठ मोठ्या आशेनं मला घेऊन असे पैसे मिळवून देणाऱ्या एका सल्लागाराकडे गेले. तो म्हणाला, "तुम्ही तर आधीपासूनच तूस जाळताय. आता नव्यानं काय कमी करणार? पैसे मिळतात ते आज कोळसा सोडणाऱ्याला." हसावं की रडावं कळेना. शेजारचा कारखाना इतकी वर्षं बिनदिक्कत काळा धूर सोडत होता. त्यानं आता कोळसा सोडला, त्याला पैसे मिळाले, आणि त्या जोरावर तो गिरण्यांचं सगळं तूस चढ्या भावानं उचलू लागला. आम्हाला ते परवडेना. शेठनी पुन्हा कोळसा आणायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "पोरी, अप्पांचं नाव घेऊन वाफ होत नाही गं. कामगारांना काय सांगू?" त्यांचंही खोटं नव्हतं.

उगाच कुणी पैसे लाटू नयेत म्हणून तो नियम केला असणार, हे मला कळतं. पण आधीच शहाण्यासारखं वागलेल्या माणसाला त्यात जागाच नव्हती, याचा राग अजून जात नाही. तुमच्या फोटोसमोर वाचायचं म्हणून हे लिहायला बसले, पण तुमच्यासमोर ते वाचायचा धीर आता होणार नाही. कोळशाचा पहिला ट्रक फाटकातून आत आला तेव्हा मी खिडकीत उभी होते. अप्पा, तुम्ही गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा, तुम्ही नाहीत याचं मला बरं वाटलं.