जुन्या कराचं डिझेल

डब्लिन
सोमवार, १४ नोव्हेंबर २०२२

प्रिय डॅडी,

गुडघा कसा आहे? तुम्ही म्हणता बरा आहे, मम्मीही म्हणते बरा आहे, म्हणून मी दोघांवरही विश्वास ठेवत नाही. माझ्या खोलीतला हीटर एकदाचा दुरुस्त झाला. मी वेळेवर जेवते. ऑफिसची नवी गाडी मिळाली आहे, तिचा उजवा आरसा आपोआप मिटतो आणि ते कसं थांबवायचं हे कुणालाच माहीत नाही.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "बरं, बरं, मम्मीला देतो" म्हणता. पत्र मम्मीला देता येत नाही. निदान पूर्ण वाचून होईपर्यंत तरी.

गेल्या मंगळवारी लाँगफर्डकडच्या एका पंपावर तपासणीला गेले होते. एका टॅक्सीवाल्याने तक्रार केली होती की माप कमी येतं. मी नेहमीचा वीस लिटरचा डबा भरला. शंभर मिलीलिटर इकडेतिकडे चालतं. तिथे उलट बावीस मिलीलिटर जास्त निघालं. तो टॅक्सीवाला शेजारी हाताची घडी घालून उभा होता. म्हणाला, माप बरोबर असेल तर पैसे जातात कुठे? मग मी त्याला वहीच्या मागच्या पानावर एक लिटरच्या बाटलीचं चित्र काढून दिलं. तळाशी तेल आणि शुद्धीकरण, त्यावर वाहतूक, त्यावर अबकारी, त्यात कार्बन कर, आणि या सगळ्यावर व्हॅट, म्हणजे करावरही कर. सगळ्यात वर, बुचाजवळ, एक बारीक रेघ: पंपवाल्याचे पाचसहा सेंट, आणि त्यातूनच कार्डाचे पैसे, वीज, पगार. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे चोर इथे नाहीच," तो म्हणाला, "चोर तुमच्या ऑफिसच्या शेजारच्या इमारतीत बसतो." मी म्हटलं, शेजारच्या नाही, दोन रस्ते पलीकडे.

हे चित्र मी वर्षाला पन्नासेक माणसांना काढून देते. तीन मिनिटं लागतात. घरी मात्र मी ते एकदाच काढलं, मार्चमधल्या त्या बुधवारी, आणि पत्र त्याबद्दल आहे.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये रस्त्यापलीकडच्या पंपाच्या डिनी रुअनसाठी निरोपाचा चहा ठेवला आहे, हे मम्मीने सांगितलं. त्यांचा पंप बंद झाला, टाक्या उकरून काढणार आणि महिनाअखेर ते मुलाकडे कॉर्कला जाणार, हेही सांगितलं. तुम्ही म्हणालात की शनिवारी तुम्हाला आपल्या पंपाच्या टाकीत काठी घालून डिझेल मोजायचं आहे. डॅडी, त्याला चार मिनिटं लागतात.

तुम्ही जायला हवं. का, ते मला क्रमाने लिहायचं आहे, कारण क्रम सोडला तर मी सोयीचा भाग आधी सांगेन.

मार्चच्या त्या आठवड्यात मी रजेवर घरी होते. डिझेल रोज चढत होतं. मंगळवारी सकाळी तुम्ही टँकर मागवून टाकी काठोकाठ भरून घेतली, आणखी चढायच्या आत. समोर डिनींनीही तेच केलं. त्यात चूक काही नव्हती. त्या आठवड्यात देशातल्या प्रत्येक शहाण्या पंपवाल्याने तेच केलं असेल. बुधवारी सरकारने जाहीर केलं की मध्यरात्रीपासून डिझेलवरचा कर पंधरा सेंटने कमी.

टीव्हीवर ते सोपं वाटलं. पण अबकारी कर टँकर डेपोतून निघतानाच भरलेला असतो. तुमच्या टाकीत अकरा हजार लिटर होतं, सगळं जुन्या कराचं. तुम्ही पंधरा सेंट गुणिले अकरा हजार करत होतात आणि मी तेच बाटलीचं चित्र काढून तुम्हाला दुरुस्त केलं. म्हटलं, व्हॅट धरू नका, तो विकताना लागतो. अडकलेत ते बारा सेंट. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे प्रोफेसर, बारा. आणि मला सुटतात किती? सहा. म्हणजे प्रत्येक लिटरमागे मी गिऱ्हाइकाला सहा सेंट देऊन वर थँक यू म्हणायचं." मग विचारलंत, टाकी किती दिवसांत उतरेल. मी रोजची विक्री विचारली, भागाकार केला आणि सांगितलं, रविवारपर्यंत.

तेवढ्यात ट्रकवाला पॅकी नून त्याच्या दोन ट्रकांपैकी मोठा घेऊन आला. त्याने बातमी ऐकली होती. दुकानाच्या दारातूनच ओरडला, "मार्टिन, मंत्र्याने पंधरा सेंट पाठवलेत म्हणे. तुझ्या पाइपात अडकले की काय, जरा फुंकून बघ." रांगेतली माणसं हसली. तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झाले होते. त्याला टाकीचं गणित तुम्ही समजावलं असतं तरी त्याला ते पटलं नसतं. कर वाढतो त्या रात्री दर लगेच चढतो, हे त्यालाही दिसतं. तेव्हा टाकीत जुनंच डिझेल असतं हे कुणी पंपवाला आठवत नाही. हे मी तेव्हा बोलले नाही.

मग तुम्ही स्वयंपाकघरातून डिनींना फोन केलात.

तो फोन माझ्यासाठी नवा नव्हता. रोज सकाळी साडेसहाला तुम्ही दोघं बोलायचात: रात्री कोण गेलं, कुणाची गाय व्याली, आज काय दर लावतोस. माझ्या लहानपणी मला वाटायचं की देशभरचे पंपवाले असेच एकमेकांना उठवतात. त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "डिनी, तुझ्याही पोटात जुनंच आहे ना? मग रविवारपर्यंत दोघंही हलायचं नाही. दर एक नव्व्याण्णवच ठेवू." पलीकडून होकार आला, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. फोन ठेवून तुम्ही ताटातलं उकडलेलं अंडं फोडलंत.

तुमच्या दृष्टीने ती शेजारधर्माची गोष्ट होती. दोघांचं नुकसान सारखं, दोघांनी मिळून टाळायचं. पण तुम्ही एकट्याने दर चढा ठेवला असता तर कायद्याने कुणी काही म्हणू शकलं नसतं. डिनींनी एकट्याने ठेवला असता तरी नाही. दोघांनी फोनवर ठरवून ठेवला, तो गुन्हा आहे. दंडाचा, आणि वेळ आली तर तुरुंगाचाही. नोकरीला लागल्यावर आम्हाला दिवसभर बसवून हेच शिकवतात. मला ते स्वयंपाकघरात माझ्या खुर्चीवर बसून आठवलं. आणि त्या करारातला "रविवार" हा शब्द माझा होता.

मी तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं. तुमच्यामध्ये आणि माझ्यामध्ये मिठाची बाटली होती, एवढंच अंतर होतं.

मी कोट घातला आणि फिरून येते म्हणाले.

आता पुढचं.

डिनी त्यांच्या पंपांमधली जागा पाण्याने धूत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, कलम आणि शिक्षा यांच्यासकट. त्यांनी पाण्याचा पाइप बंद केला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तू मार्टिनला का सांगत नाहीस?" त्यांनी विचारलं.

"ते ऐकणार नाहीत."

"आणि मी ऐकेन?"

"तुम्ही माझे वडील नाही," मी म्हटलं.

 मग त्यांनी विचारलं, दोघांपैकी एकाने दर उतरवला तर करार उरतो का? मी म्हटलं, नाही. "मग उद्या सकाळी मीच उतरवतो. पूर्ण पंधरा." मी त्यांना त्यांचं नुकसान सांगायला लागले तर म्हणाले की गणित त्यांनाही येतं. मी निघाले तेव्हा पाइप पुन्हा सुरू करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि हे त्याला कधी सांगू नकोस, पोरी. माझ्यावर चिडला तर फार तर रस्ता ओलांडणार नाही. तुझ्यावर चिडला तर त्या घरात रविवारचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरायचं नाही."

गुरुवारी सकाळी सव्वासहाला तुम्ही दार उघडलंत आणि समोरच्या फलकावर एक चौऱ्याऐंशीचा दर लागलेला पाहिलात. मी जिन्यावर होते. साडेसहाला फोन वाजला. तुम्ही तो वाजू दिलात. पॅकीचे दोन्ही ट्रक समोर लागले होते. दुपारी तुम्हीही दर उतरवलात. अकरा हजार लिटरवर तेराशे युरोंच्या वर गेले, पण तुम्ही पैशांबद्दल एकदाही बोलला नाहीत. मम्मीला एवढंच म्हणालात, "तीस वर्षं मी त्याला शेजारी म्हणत होतो. तो नुसता समोरचा निघाला."

त्या दिवसापासून डिनींचं नाव आपल्या घरात "समोरचा" झालं. समोरच्याने कुंपण रंगवलं. समोरच्याला बरं नाही म्हणे. गेले आठ महिने मी ते ऐकते आहे, आणि प्रत्येक वेळी ताटातलं संपवून उठते आहे.

डिनींनी तुम्हाला दगा दिला नाही, डॅडी. तुमच्या मुलीने तुमच्या पाठीमागे जाऊन त्यांना दर उतरवायला लावला. त्यांनी तुम्हाला वाचवलं, त्याची किंमत भरली आणि वर तुमचा राग घेतला. माझा होता तो राग.

मी तुम्हाला का सांगितलं नाही, याची तीन उत्तरं मी या आठवड्यात लिहून खोडली. पहिलं असं की तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं. खोटं आहे, न सांगूनच मी तुम्हाला अडचणीत ठेवलं. दुसरं असं की डिनींनी माझ्याकडून शब्द घेतला होता. अर्धं खोटं आहे; तो शब्द मला सोयीचा होता. तिसरं खरं वाटतं. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही गावात सगळ्यांना सांगितलं होतं की आता आपल्या घरात सरकार राहतं, आणि हसला होतात. त्या संध्याकाळी मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही माझ्याकडे मुलीकडे बघतात तसं बघितलं नसतं, तपासनिसाकडे बघतात तसं बघितलं असतं. पंपवाले माझ्याकडे कसं बघतात ते मला माहीत आहे. मी रोज ते बघते. तुमच्या चेहऱ्यावर मला ते बघायचं नव्हतं. म्हणून मी एका भल्या माणसाला पुढे केलं.

ऑफिसमध्येही मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ती माझी दुसरी चूक, आणि ती मी वेगळी धरते. तिचं काय करायचं ते मला ठरवायचं आहे. त्यात तुमचं मत मी विचारणार नाही.

डिनींचा पंप त्या आठवड्यामुळे बंद झाला का? मला वाटत नाही. टाक्या जुन्या होत्या, बदलायला लाख युरोंच्या वर लागले असते, आणि पाचसहा सेंटांवर ते उभं राहत नाही. पण उन्हाळ्यात त्यांना रोज सकाळी साडेसहाला कुणाशी तरी बोलायला मिळालं असतं तर ते आणखी एक वर्ष रेटत राहिले असते का, हे मी सांगू शकत नाही. तेवढं मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

आता माझी मागणी. शनिवारी, दुपारी तीन वाजता. पत्र आल्याचं त्यांना सांगायची गरज नाही. मी शब्द मोडला हे त्यांना मी स्वतः सांगेन. तुम्ही नुसते जा, चहा घ्या. हवामानावर बोललात तरी चालेल. तुम्ही दोघं तीस वर्षं त्यावरच बोलत आलात. आणि जायचं नसेल तर माझ्यावरच्या रागाने घरी बसा. त्यांच्यावरच्या रागाने बसू नका. राग योग्य माणसावर असावा, एवढं तरी बरोबर व्हावं.

शुक्रवारच्या बसने मी येते आहे. बस सव्वापाचला फाट्यावर पोचते. तुम्ही न्यायला आला नाहीत तर मला कारण कळेल आणि मी चालत येईन, दोनच किलोमीटर आहे. रविवारच्या जेवणाला मी टेबलावर माझ्या जागी बसेन. कुणाच्या घशाखाली काही उतरलं नाही तरी उठणार नाही.

मम्मीला हे पत्र तुम्ही दाखवा किंवा दाखवू नका. तिला निम्मं माहीत असावं असा माझा अंदाज आहे. तिने विचारलं तर मी लपवणार नाही.

अजून तुमचीच असेन, तर तुमची,
ईमर