महागाई वजा जाता

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. कोणत्या शाखा चालू ठेवायच्या हे ठरवायला आमच्या बँकेने माझी पद्धत घेतली. शाखेत जमा झालेले दुसऱ्या बँकांचे किती रुपयांचे चेक क्लिअरिंगला जातात, त्यावरून त्या भागाची उलाढाल कळते. पण खताची गोणी महागली की चेकही फुगतो, धंदा मात्र तिथेच. म्हणून मी आकड्यातून महागाई वजा करायला लावली. साहेबांनी पाठ थोपटली.

आता कडू ते लिहिते. आपल्या एकोडीच्या शाखेचा आकडा पाच वर्षांत वाढलाय, पण महागाई वजा जाता घटलाय. बंद करायच्या यादीत ती आली आहे. डिसेंबरपर्यंत क्लिअरिंग सुधारलं तर वाचेल. आईला इतक्यात सांगू नका. आणि धानाच्या रोवणीत तिला फार वेळ पाण्यात उभी राहू देऊ नका.

तुमचा लोभ तेवढा घटू नये,
राखी

एकोडी, १९ ऑगस्ट २०२५

चि. राखीस अ. उ. आ.

आईपासून लपवायचं होतं तर पत्र आईच्याच हाती का पडू दिलंस? पोस्टमन आला तेव्हा मी शेतावर, धानाच्या बांधीत होतो. तिने ते शेजारच्या निर्मलाबाईंकडून वाचून घेतलं. तेव्हापासून म्हणते आहे, पोरीले इचारा, ज्या बँकेत मी अंगठा सोडून सही कराले शिकली, तेच बंद करून राहिली काय? बचत गटाच्या बाया पायी जातात तिथे. साकोलीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली.

तुझं गणित खोटं नाही, पण धान तर तेवढंच पिकतं ना? पूर्वी राईस मिलवाले चेक द्यायचे, आता सरकारी खरेदीचे पैसे सरळ खात्यात पडतात. मग चेक येतील कुठून? असो. चेकच पाहिजेत ना, देतो. लग्नात आहेर फिरतो, तसे फिरवू. जास्त विचारू नकोस. तू साहेबांत बसतेस, उगाच गोत्यात येशील.

जिवाला जप, बाकी आम्ही पाहतो.
बाबा

नागपूर, ११ जानेवारी २०२६

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

काल शाखेच्या मॅनेजरांचा फोन आला. चार महिने काउंटरवर रांग होती म्हणाले. निर्मलाबाईंनी आईला चेक द्यायचा, आईने तुम्हाला, तुम्ही परत निर्मलाबाईंना. बाबा, दोघांची खाती एकाच शाखेत असली तर चेक क्लिअरिंगला जातच नाही, तिथल्या तिथे जमा होतो. तुमच्या खटपटीतला एक रुपयाही माझ्या आकड्यात आला नाही. एका शब्दाने मला विचारलं असतं तर!

धान खरेदीचं तुम्ही लिहिलेलं मी वर मांडलं. एका गावासाठी पद्धत बदलत नाहीत, असं साहेब म्हणाले. मी कागद उचलून परत आले. त्याची मला लाज वाटते. शाखा ३१ मार्चला बंद होईल, खाती साकोलीला जातील. मला बढती मिळाली, पगार वाढला. सोबत आईच्या नावे पाच हजारांचा चेक आहे.

रागवा, पण लिहीत राहा.
राखी

एकोडी, ९ एप्रिल २०२६

चि. राखीस आशीर्वाद.

बँकेची पाटी उतरली. त्या खोलीत आता कोणी पोती रचली आहेत. ते चार महिने सारं गाव नटूनथटून रांगेत उभं राहत होतं, आणि आता लोक मलाच हसतात. हसोत. तुझ्यावरचा माझा राग त्याबद्दल नाही.

तुझा चेक जमा झाला. पैसे काढायला आई परवा साकोलीला गेली होती. एवढ्या गर्दीत पहिल्यांदाच, मागचे लोक घाई करत होते. तिची सही जुळली नाही. दुसऱ्यांदाही नाही. क्लार्कने शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि अंगठा घेतला. घरी आल्यापासून ती अंगठा राखेने घासते आहे. शाई केव्हाच गेली, तरी घासते. तुझे पैसे पाटावर तसेच पडून आहेत, तिने हात लावलेला नाही.

पगार वाढला लिहिलंस, बरं झालं. त्यातून हे वजा कर आणि काय उरतं ते आईला येऊन सांग. पत्राने नको.

लोभ आहे तेवढा आहे.
बाबा