पुसलेला कंपायलर

प्रिय अभिजीत,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण जुनी सवय सुटत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, तुझ्या ऑफिसातली मुलगी गोड बोलून कटवते, म्हणून हे पत्र. हे तरी तुला स्वतःच्या हाताने फोडावं लागेल.

उल्हासनगरचा तो पोटमाळा आठवतो का तुला? खाली आपल्याला जागा आणि पैसे देणाऱ्या शेठची जीन्सची शिलाई, वर आपला एकुलता एक पीसी आणि त्यावर युनिक्स ही प्रणाली. कंपायलर विकत घ्यायचा तर शेठला दुकान विकावं लागलं असतं. मग तू कुठूनतरी ओळख काढून तो मोफत वाटला जाणारा कंपायलर टेपवर घेऊन आलास. आपल्या युनिक्सवर तो काही केल्या चालेना. कंपायलरच्या मागे तू लागलास, डीबगरच्या मागे मी. चालता प्रोग्रॅम मधेच थांबवून माझ्या डीबगरने पहिल्यांदा नेमकी चुकीची ओळ दाखवली, तेव्हा तू मला उचललंस आणि माझं डोकं पत्र्यावर आपटलं. इतके हसलो होतो आपण.

देणाऱ्यांची अट एकच होती. ज्याला द्याल त्याला सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूरही द्या, तुम्ही केलेल्या बदलांसकट. आपल्याला ती समजावून सांगावी लागली नाही. विहारातल्या अभ्यासिकेत वाढलो आपण. पुस्तक वाचून जागेवर ठेवायचं आणि अवघड गणिताशेजारी पेन्सिलीने रीत लिहून ठेवायची, मागून येणाऱ्यासाठी. तू इंजिनिअर झालास तो कुणाकुणाच्या पेन्सिलीवर, हे विसरलास?

मोरिवलीच्या कारखान्यात ॲसिडच्या टाक्यांचा प्रोग्रॅम आपण बसवला, तेव्हा कंपायलर, डीबगर आणि सगळा सोर्स मी त्याच मशीनवर ठेवून आलो होतो. आता कळतंय की नंतर सर्व्हिसिंगच्या नावाखाली तू ते पुसून टाकलंस, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. टाक्यांच्या प्रोग्रॅमचा सोर्स तेवढा वाचला, कारण तो मी वेगळ्या जागी ठेवला होता. पोटमाळ्यावरच्या टेपाही तूच नेल्यास. आपले बदल सगळ्यांसाठी पाठवून देतो म्हणालास आणि कधीच पाठवले नाहीस. मूळ कंपायलर आज कुठेही मिळतो, आपले बदल मात्र कुठेच नाहीत आणि त्यांच्याशिवाय तो त्या मशीनवर चालत नाही. लोकांनी मोकळ्या हाताने दिलेल्या वस्तूला तू कुलूप लावलंस, अभिजीत. त्या कुलपावर बदलापूरला बंगला बांधलास, तोही नदीपासून लांब, पुराचं पाणी येणार नाही अशा जागी. मला बंगल्याचं काही नाही. मला संताप येतो तो तुझ्या निर्धास्तपणाचा.

ते मशीन अजून चालू आहे. नवीन यंत्रणा दिवाळीनंतर, असं मालक म्हणतो. तुझा माणूस येऊन बघून गेला आणि मला म्हणाला, “काका, ये सब भंगार है, नवीन घेऊन टाका ना.” माझी पायल तिथे केमिस्ट आहे. गेल्या आठवड्यात आपल्या प्रोग्रॅमने बंद करायला हवी होती ती ॲसिडची झडप उघडीच राहिली आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डाव्या हाताने भाकरी मोडत तिने मला विचारलं, “पप्पा, कंपायलर नाही म्हणजे नक्की काय नाही?” मी म्हटलं, आपलं म्हणणं मशीनला सांगणारा दुभाषा नाही. डीबगरही नव्हता, म्हणून चूक मी डोळ्यांनी शोधली. एका ओळीची आहे. दुरुस्त करून ठेवली आहे, पण मशीनला सांगणार कशी? सोमवारपासून पायलच्या जागी दुसरी मुलगी उभी राहणार आहे, त्याच झडपेखाली. आपल्या बदलांसकटची कंपायलरची टेप तुझ्या कपाटात आहे आणि ती वाचणारा ड्राइव्ह मी जपून ठेवलाय. मी तुझ्याकडे काही मागत नाहीये, ती टेप तुझी नाहीच. रविवारी सकाळी पायलला घेऊन तुझ्याकडे येतोय. दार नोकराला उघडायला लावू नकोस. तूच उघड आणि आधी तिचा हात बघ.

अजून तरी तुझाच,
महेंद्र