अर्धवट उघडलेला मिक्सर

प्रिय डॉक्टरीणबाई,

मायना वाचून कपाळाला आठ्या घालू नकोस. सकाळी अख्ख्या इमर्जन्सी वॉर्डासमोर तुला जे काही बोललो, त्यानंतर नुसतं ‘प्रिय’ लिहायलाही हात धजत नव्हता. त्याच फॉर्मच्या पाठीवर लिहितोय. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्या खिशात: डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे. सही बघ काय झोकात ठोकलीय! कॉलेज सोडतानाच्या अर्जावरही अशीच ठोकली होती, आणि तेव्हाही तू शेजारी उभी राहून एवढंच म्हणाली होतीस, उद्यापर्यंत तरी थांब. मी कसला थांबतोय!

वैताग माझा मलाच आलाय. दुकानात दिवसभर मी लोकांचे मिक्सर उघडून बसतो, आणि मध्येच गिऱ्हाईक येतं: राहू दे रे, आहे तसा दे, घरी पाहुणे यायचेत. अहो, तार बाहेर लोंबतेय, आहे तसा कसा देऊ? भांडतो मी. ऐकलं नाहीच तर कार्डावर लिहून घेतो, अर्धवट उघडलेला नेला, जबाबदारी माझी. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक जळका मिक्सर घेऊन दारात, आणि वर आवाज त्याचाच! अशांना मी मनात काय काय म्हणतो ते तुला लिहवत नाही. सकाळी तू माझं पोट उजवीकडे दाबून पाहिलंस, अपेंडिक्स आहे, आजच काढावं लागेल म्हणालीस, आणि मी तेच गिऱ्हाईक झालो.

तुला वाटलं ऑपरेशनला घाबरला. घाबरतोय कसला! तो तुमचा चापूनचोपून भांग पाडलेला सर्जन मला तपासायला आला आणि येता येता टेबलावरची तुझी हिरवी बाटली उचलून घटाघटा प्यायला. तोंड लावून! त्या बाटलीचं झाकण गळायचं म्हणून कॉलेजातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात मी आत रबर कापून बसवलं होतं. ती अजून तुझ्याकडे आहे हे पाहून घटकाभर दुखणं विसरलो होतो गं. आणि त्याच माणसाकडून पोट फाडून घेऊ? सलाईनची सुई मीच उपटली. रक्त तुझ्या बुटावर पडलं. मोठी डॉक्टरीण झालीस, तुला माणसं कुठे कळतात, असं मीच ओरडलो ना? शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, भांडा, पण बाहेर जाऊन, मला इथे झोप लागत होती. तू मात्र माझ्या हातावर कापसाचा बोळा दाबून धरलास आणि फाटकापर्यंत मागे आलीस. ताप आला तर ये, उलटी झाली तर ये, आणि दुखणं एकदम थांबलं तर खूश होऊ नकोस, तसाच धावत ये. मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पण ऐकलं सगळं.

आता तुझ्याच दाराबाहेरच्या बाकावर बसलोय. आई केसपेपरच्या रांगेत आहे, तिच्यापुढे अकरा माणसं. पोरगा बरा झालाय, नुसतं दाखवायला आणलाय, असं ती प्रत्येकाला सांगतेय, कारण मीच तिला तसं सांगितलंय. खरं सांगू? तीन वाजता दुखणं थांबलं. एकदम, बटण बंद केल्यासारखं. आता हुडहुडी भरलीय, पोट फळीसारखं घट्ट झालंय, अक्षर तर बघतेच आहेस. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण सुरुवात तुझ्यापासून केली की माझं असंच होतं. आत शिरून हाका मारायच्या, तर सकाळचं तोंड घेऊन कसा येऊ? सफाईवाल्या मावशी चिठ्ठी आत द्यायला तयार झाल्यात. वाचलीस की लगेच बाहेर ये. आईला घाबरवू नकोस. आणि त्या बाटलीवाल्यालाच बोलाव, हवं तर अजून पाणी पाज त्याला. ऑपरेशनचा फॉर्म आण. या वेळी तू म्हणशील तिथे सही करतो.

तुझाच,
तेच गिऱ्हाईक