धाकट्याचं वजन आणि माझं कॉलेज

आई, साबुदाण्याच्या खिचडीने वजन वाढतं हे तुला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला तुला विचारायचं आहे. प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं जुना आहे आणि जिला विचारायचा ती जाऊनच तीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा उत्तराची घाई नाही. पण शंका मनात ठेवून पुढचा श्लोक घ्यायचा नाही ही तुझीच शिस्त, आणि मी मात्र ही एक शंका पदराला बांधून बी.ए., एम.ए., नोकरी, लग्न असे बरेच श्लोक पुढे गेले. आता निवृत्तीला थोडे दिवस उरलेत. शाळेतून रिकामी झाले की घरात बसून नको ते उकरून काढीन अशी माझ्या नवऱ्याला भीती आहे. त्याला वाट कशाला पाहायला लावू? आजच उकरते.

दोह्याच्या बिन महमूद भागातला आपला दोन खोल्यांचा फ्लॅट. त्यात एसी फक्त बाहेरच्या खोलीत, आणि तू आणि मी कायम आत, स्वयंपाकघरात. तू पोळ्या लाटते आहेस, मी तांदळाच्या पिंपावर बसून रूपं म्हणते आहे, आणि चुकले की तू मागे न बघता लाटणं ओट्यावर आपटते आहेस. आजोबा शास्त्री, तू त्यांची एकमेव विद्यार्थिनी आणि मी तुझी. बाबा म्हणायचे, वाळवंटात संस्कृत शिकणारी माणसं म्हणजे आपण दोन आणि भिंतीवरची पाल. बाबा एका काँट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. बोल्ट असो, पाइप असो की अपत्य, प्रत्येक गोष्ट कुठल्या फळीवर ठेवायची हे आधी ठरल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

मी आदल्याच वर्षी बारावी झाले होते. पुण्याला होस्टेलात राहून संस्कृत घेऊन बी.ए. करायचं, एवढीच माझी इच्छा. बाबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "थांब. धाकट्याचं ठरू दे." धाकट्याने सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या प्रबोधिनीसाठी परीक्षा दिली होती. तिथे निवड झाली की शिकणं, राहणं, खाणं, कपडे सगळं सरकारकडे, वर हातखर्चाला शिष्यवृत्ती. "त्याला ते मिळालं की तुझं होस्टेल माझ्याकडे लागलं," बाबा म्हणाले. "नाही मिळालं तर त्याला पैसे भरून इंजिनिअरिंगला घालावं लागेल. एका पगारात दोन होस्टेलं बसत नाहीत गं."

"मग माझं काय?"

"मग तू इथंच. टायपिंग शिकून घे, कुठल्या तरी ऑफिसात लागशील. इन्शाल्ला."

बाबांचं इन्शाल्ला मला पुरतं कळत असे. ज्या गोष्टीचा त्यांनी विचारच केलेला नसे ती ते देवाच्या नावावर टाकत, आणि देवही दुसऱ्यांचा. तर मी वर्षभर टायपिंग शिकले. शेजारच्या इमारतीतल्या एका गोव्याच्या बाई शिकवायच्या.

डिसेंबरच्या सुट्टीत धाकटा मुंबईला मामाकडे राहून मुलाखत देऊन आला. मुलाखतीत पास. पण डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं आणि लिहून दिलं, तात्पुरता अपात्र, वजन आठ किलो जास्त. बारावीची परीक्षा आटोपली की पुन्हा तपासणीला या, तोवर उतरवा. आई, त्या पोराचं वजन जास्त होतं यात आश्चर्य ते काय! तूच त्याला घडवलं होतंस. माझ्या पोळीवर तूप लावायचीस तेव्हा लाटणं जसं कोरडं, तसा तुझा चमचा कोरडा. आणि त्याच्या पोळीवर यायचा तेव्हा त्याला पाझर फुटायचा.

आपल्याकडे वजनाचा काटा नव्हता. म्हणून दर शुक्रवारी सकाळी बाबा कंपनीच्या पिकअपमध्ये आम्हा दोघांना घालून नजमा नावाच्या वस्तीत न्यायचे, केरळच्या एका वाण्याच्या दुकानात. तिथे बाहेर पोती तोलायचा काटा होता. वाणी आधी पोरगा बघायचा, मग काटा, आणि आत ओरडायचा, "चावल का बोरी उतारो, लड़का चढ़ाओ!" भोवती नजम्यातल्या खोल्यांतून आलेली, आठवड्याची भाजी घ्यायला थांबलेली आपल्याकडची गवंडी-ड्रायव्हर मंडळी हसायची. एकदा वाण्याने विचारलं, "ये ट्रक में बैठेगा तो बाकी मिलिटरी किधर बैठेगा?" धाकटाही हसला. मी हसले नाही. मला त्या काट्याच्या दांडीवर माझं होस्टेल वर-खाली होताना दिसत होतं.

बाबांनी घरी येऊन तुला सांगितलं, "त्याचं खाणं आता तुझ्या हातात." तू म्हणालीस, "मग उपास धरू दे त्याला. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या." बाबांना ते फारच पटलं. मलाही. उपास म्हणजे कमी खाणं, अशी जगातल्या कुठल्याही माणसाची समजूत असणार. आपण मराठी माणसं असूनही हे कसं विसरलो कोण जाणे. मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर मागवून जपून ठेवलेला साबुदाणा तू बाहेर काढलास. तुपात न्हालेली खिचडी, वर दाण्याचं कूट. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. रताळ्याचा गोड कीस. बटाट्याचा चिवडा, तोंडात टाकायला. धाकट्याने आयुष्यात इतक्या श्रद्धेने धर्म पाळला नव्हता. वरच्या मजल्यावरची रत्नागिरीकडची भाबी एकदा दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "वैनी, आमच्या रोज्याला संध्याकाळपर्यंत तरी पोट रिकामं राहतंय गो. तुमचा उपास करायला मला पण घ्या!" तू हसलीस आणि तिलाही वाटीभर दिलीस. पुढच्या शुक्रवारी नजम्याच्या काट्याने किलोभर वाढ दाखवली.

आणि इथे माझी शंका आहे. कारण तू भोळी नव्हतीस. समासाचा विग्रह करताना तुझ्या हातून एक अक्षर सांडायचं नाही. शिवाय तुझा आतेभाऊ पासष्ट साली सीमेवर गेला होता आणि त्याची ट्रंक तेवढी घरी आली होती, हे मला मामीकडून कळलं होतं. तू त्याच्याविषयी कधी बोलली नाहीस. धाकट्याचा सैन्याचा अर्ज भरून झाला त्या दिवशी तू बाबांना एवढंच म्हणालीस, "बघा बाई तुमचं तुम्ही." आता तो नापास झाला तर इंजिनिअर होणार, जिवंत राहणार. मी बारा महिने तुझ्याजवळ पिंपावर बसून श्लोक म्हणणार. म्हणजे एका खिचडीत दोन्ही मुलं राखली जात होती.

तो गुरुवार होता. धाकटा परीक्षेचं पुस्तक शेजारी उघडं टाकून जेवतो आहे, तू तिसऱ्यांदा वाढते आहेस, आणि मी क्लासवरून नुकती आले आहे.

"आई, हा उपास आहे की मुंज?"

"उपासच आहे. धान्याचा कण नाही त्यात."

"तूप आहे, दाणे आहेत, बटाटा आहे."

"मग काय, वारा वाढू त्याला? अभ्यास करतोय तो."

"तो पुन्हा नापास होईल."

"भावाच्या ताटात डोळे घालतेस? एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?"

"त्याच्या ताटात माझं कॉलेज आहे, आई."

धाकटा तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "ताई, युवर कॉलेज इज व्हेरी टेस्टी." तो मराठीत ऐकायचा आणि इंग्रजीत उत्तरं द्यायचा, दोह्यातली सगळीच पोरं तशी. एरवी तू हसली असतीस. त्या दिवशी तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता लाटणं आपटणार. तू काहीच आपटलं नाहीस. हातातला झारा ताटावरून परत कढईत नेलास आणि कढईवर झाकण ठेवलंस. म्हणालीस, "जा, तोंड धू. उन्हातून आलीयेस."

दुसऱ्या दिवसापासून घरातला उपास संपला. उरलेला साबुदाणा भाबीकडे वर गेला. धाकट्याला दोन कोरडे फुलके, दुधी, काकडी, पातळ ताक. सकाळी तू त्याला समुद्रावर पळायला धाडायचीस आणि तो परत येईपर्यंत खिडकीशी उभी राहायचीस. तो विनवण्या करायचा, आता मात्र शुद्ध मराठीत, "आई, बोटभर तूप, फक्त वासापुरतं." तू त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत बसायचीस, घासलेलीच. भाबीने एकदा माशांचं कालवण आणि सांदणं पाठवली तर तू दारातूनच परत केलीस. ती रुसली. तुला कुणाचं मन मोडता येत नसे, तेही तू मोडलंस. आणि जे त्याला तेच तू खात होतीस. वाण्याच्या काट्यावर तुला कुणी उभं केलं नाही, पण तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मला ते दिसत होतं. मी म्हणाले नाही की आई, असू दे. पिंपावर बसून मी श्लोक म्हणत राहिले आणि तू चुका काढेनाशी झालीस.

मे महिन्यात धाकटा तपासणीत पास होऊन आला. मग उरली ती यादीची वाट. मुलाखत झाली, वजन झालं, पण शेवटच्या यादीत नाव लागेल तेव्हा खरं. इकडे इंजिनिअरिंग कॉलेजची पैसे भरायची मुदत जवळ येत होती आणि पुण्याच्या होस्टेलची सुद्धा. बाबांनी दोन्हीकडे लिहून ठेवलं होतं आणि दोन्हीकडे पक्कं काहीच केलं नव्हतं. दोह्यात पोस्टमन घरी येत नाही. जे येईल ते बाबांच्या कंपनीच्या पेटीत. त्यामुळे बाबा दुपारी जेवायला घरी आले की आपण तिघं त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचो. कुणी विचारायचं नाही. बाबा म्हणायचे, "आमटी छान झालीय," म्हणजे आज काही नाही. महिनाभर तुझ्या आमटीचं इतकं कौतुक झालं की तुझ्याऐवजी दुसरी कुणी असती तर फुशारली असती. तू आणि मी रोज एकाच गोष्टीची वाट पाहत होतो, आणि मला पक्कं ठाऊक होतं की आपण देवाकडे एकच मागत नाही. की मागत होतो? तेही मला कळलेलं नाही.

एक दिवस बाबा अकरालाच आले. बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. हातात तार. "लागलं नाव," म्हणाले. धाकटा ओरडत जिन्यावरून वर भाबीला सांगायला धावला. तू गॅस बारीक केलास. "कधी जायचंय त्याला?" एवढं विचारलंस. मग माझ्याकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, "तुझ्या होस्टेलात कांदा-लसूण घालतात का गं? विचारून घे. पहिल्या दिवसापासून सवय केलेली बरी." दुपारी जेवताना धाकटा म्हणाला, "आई, आता तरी तूप!" तू म्हणालीस, "संपलंय." डबा फळीवर भरलेला होता. तो तिथेच होता आणि आपण चौघंही त्याच्याकडे बघत होतो.

पुढचं तुला माहीत आहे, थोडं सोडून. आम्ही दोघं एकाच विमानाने गेलो. त्याला खांद्यावर पट्ट्या लागल्या, मला बी.ए.ची आणि मग एम.ए.ची पदवी मिळाली. मग त्याची पलटण श्रीलंकेला गेली आणि तुझं दुखणं निघालं. मी व्हिजिट व्हिसावर दोह्याला आले तेव्हा तू इस्पितळात होतीस. रोज दुपारी बाबा कंपनीतून आले की तू पुन्हा त्यांच्या खिशाकडे बघायचीस. शेवटच्या आठवड्यात एकदा मला जवळ बोलावलंस. "तुझा निकाल लागला ना?"

"लागला आई. पहिला वर्ग."

"मग ठीक," म्हणालीस, आणि भिंतीकडे तोंड वळवून झोपलीस.

जे तुला माहीत नाही ते सांगते. तू गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांनी तो परत आला. ओरखडासुद्धा नाही. पुढे बढत्या मिळाल्या, सन्मानाने निवृत्त झाला, आता पुण्यातच असतो. पोट पुन्हा आठ किलोचं आहे आणि त्याची बायको त्याला उपास करू देत नाही, ती विदर्भातली आहे, हुशार आहे. तो तुझ्याबद्दल बोलायला लागला की दरवेळी तिथंच येतो. म्हणतो, "आईच्या मनात असतं तर तिने मला एक चमचा तुपात थांबवलं असतं. पण माझ्यासाठी तिने काळजावर दगड ठेवला." त्याचे डोळे भरतात. त्या गुरुवारचं बोलणं त्याला आठवत नाही. त्याचं लक्ष ताटात होतं. मी मान डोलावते, त्याच्या पाठीवर हात ठेवते, म्हणते, हो रे, तुझ्यासाठीच.

आई, मी त्या पोराला इतक्या वर्षांत एकदाही खरं वाटून हो म्हटलेलं नाही. ते तू माझ्यासाठी केलंस असं मी धरून चालले आहे. त्याच्यावर पाठ फिरवलीस ती माझ्याकडे बघून, असं. साबुदाण्याचं तुला ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायला बसले होते खरी. पण त्याचं उत्तर तू दिलंस तर मी लगेच दुसरं विचारीन, दोघांपैकी कुणासाठी, आणि ते मला ऐकायचं नाही.